कोकरे मॅडमची परतीची वाट

कोकरे मॅडमनी हाक मारली की गेवराईच्या बाजूने निघालेली एसटी पाटोद्यात थांबायची, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो. कुणी हसलं नाही. उलट मेकॅनिकलचे शिंदे सर गंभीरपणे म्हणाले, "पाटोद्याचं माहीत न्हाई, पण शिरूरात माझ्या सासऱ्याच्या हातातला चहा सांडलता." आवाजाची कीर्ती अशी असल्यावर माझ्यासारख्या साध्या माणसाने अतिशयोक्ती करायची तरी कुठे? त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं खरं आहे. जिथे वाढवलंय तिथे खऱ्याला जरा मान दिलाय, इतकंच.

डॉ. सुरेखा कोकरे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. कॉलेज गेवराईजवळच्या माळावर. डाव्या हाताला बाभळी, उजव्या हाताला मंगल कार्यालय, मागे पुन्हा बाभळी. मॅडमचं माहेर उमापूरकडचं, घरचा धंदा मेंढ्यांचा. लहानपणी मैलभर पसरलेल्या कळपाला हाका मारून मारून तो आवाज तयार झालेला. पुढे त्या शिकल्या, मोठ्या शहरात जाऊन डॉक्टरेट घेतली, पण आवाज काही कमी झाला नाही. वर्गात त्यांना माईक लागत नसे. शेजारच्या वर्गांना मात्र लागे.

आणि एवढा दणदणीत आवाज असलेली ही बाई आयुष्यभर काय करत होती? तर केसाच्या शंभराव्या भागाएवढी बारीक तार. तीही खरी नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची.

चिपच्या पोटात अशा तारा असतात. त्यांना ट्रान्समिशन लाइन म्हणतात. संदेश फार वेगाचा असला की तो त्या तारेतून नळाच्या पाण्यासारखा वाहत नाही, लाटेसारखा धावतो. त्या लाटेला वाटेत जो काही स्वभाव भेटतो, त्याचं नाव इम्पीडन्स, आणि माप ओहम. दोन्ही टोकांना पन्नास ओहम असतील तर मधल्या तारेचाही स्वभाव पन्नासचाच लागतो. नाहीतर लाट टोकावर आपटते आणि जावई रुसून दारातून परत फिरावा तशी माघारी येते. हा स्वभाव आधीच कळावा म्हणून फील्ड सॉल्व्हर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते तार, तिच्याखालची काच, त्याखालचं सिलिकॉन, भोवतीची हवा, सगळ्याचे बारीक बारीक तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यात विजेचं आणि चुंबकाचं क्षेत्र किती आहे ते सोडवत बसतं. मला हे इतकं चांगलं समजतं याचं कारण मी गणित शिकवतो हे नव्हे. माझा वर्ग भिंतीपलीकडे होता, हे आहे.

मॅडमचं एक खूळ होतं. कुठेही निघायच्या आधी त्या परतीचं विचारायच्या. एसटीत पाऊल टाकण्याआधी कंडक्टरला प्रश्न, "माघारी शेवटची गाडी किती वाजता हाय?" लग्नाची पत्रिका हातात आली की मुहूर्त न बघता विचारणार, "येताना कोण हाय सोबतीला?" एकदा कॉलेजची लिफ्ट नवी कोरी बसवली. उद्घाटनाला सगळे आत शिरले, मॅडम दारात उभ्या. "वर गेल्यावर खाली यायचं बटन चालतं का, ते बघा आदी." बटण चालत नव्हतं. प्राचार्य, दोन विश्वस्त आणि नारळ असे सगळे दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरले.

शिकवतानाही तेच. पोरगं फळ्यावर तार काढून बाण दाखवायचं, करंट असा गेला म्हणून. मॅडम टेबलावर हात आपटायच्या. "गेला ना? आता परत कुठून आला ते दाखीव. जाणारं समदेच बघत्यात. येणारं कोण बघतंय बे?" मग सांगायच्या, तारेचा इम्पीडन्स म्हणजे एकट्या तारेचा नव्हेच, जाणारी वाट आणि येणारी वाट, दोघींच्या मध्ये किती जागा आहे त्याचा तो हिशेब. तारेखाली धातूचा पत्रा असतो, ग्राउंड म्हणतात त्याला. करंट वरून जातो आणि त्या पत्र्यातून परत येतो. "आन् वेग वाढला की तो पत्र्यात कुठंबी हिंडत न्हाई. बरोब्बर तारेच्या खालून येतो. कळपातली शहाणी मेंढी जशी आल्या पायवाटेनंच माघारी फिरती, तसा."

मेंढ्या आल्या म्हणजे वाघर आलीच. वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढ्यांभोवती लावतात ती जाळी. सॉल्व्हर तुकडे पाडतो त्या जाळ्याला मेश म्हणतात, आणि दरवर्षी पोरं मेश सगळीकडे सारखीच बारीक करून कॉम्प्युटरचा जीव घ्यायची. एका वर्षी मॅडमनी भावाकडून खरीखुरी वाघर आणली आणि लॅबच्या मधोमध पसरली. तिला मेंढ्यांचा असा वास होता की सॉल्व्हरसुद्धा दोनदा शिंकला.

"कळप कुठं दाटतो रे?" त्यांनी विचारलं.

"मधी, मॅडम."

"मधी नवऱ्या मुलीच्या मावश्या दाटत्यात. मेंढ्या कडेला दाटत्यात, जाळीला चिकटून. करंटबी तारेच्या कडेला दाटतो. जिथं दाटी, तिथं जाळी बारीक. मधी रिकाम्या माळाला बारीक जाळी लावून कुनाला धरनार? सशाला?"

त्या दिवसापासून आमच्या पोरांचा मेश कधी चुकला नाही. वाघर मात्र महिनाभर लॅबमध्येच राहिली आणि कुत्री खिडकीखाली मुक्कामाला आली.

ही लॅब प्राचार्यांच्या डोळ्यांत सलत होती. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याकडे बाकं फार झाली होती. जुनी, मोडकी, तीन पायांची, कुठल्याशा परीक्षेला आणलेली आणि मग कुणी परत न नेलेली. त्यांना ती ठेवायला खोली हवी होती. टेप घेऊन ते महिन्यातून एकदा लॅब मोजायला यायचे. "मॅडम," ते गोड बोलायचे, "तुमची तार दिसत न्हाई, ऐकू येत न्हाई, हातात धरता येत न्हाई. मग खोली येवढी मोठी कावून लागती?"

अखेर एक संधी आली. बऱ्याच कॉलेजांची छोटी छोटी डिझाइनं सिलिकॉनच्या एकाच चकतीवर भरून खरी चिप बनवून देणारी योजना होती. आमच्या पोरांच्या तारेला त्यात कोपऱ्यातली जागा मिळाली. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "चिप येऊ द्या. मोजल्यावर सॉल्व्हरनं सांगितलं तेच निघालं, तर लॅब तुमची कायमची. न्हाई निघालं तर बाकं आत." मॅडम म्हणाल्या, "मंजूर." हा 'मंजूर' शिरूर कासारला ऐकू गेला असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिकडची दोन पोरं प्रवेशाची चौकशी करायला आली.

महिनाभर लॅबमधून कुणी हललं नाही. तारेची रुंदी कमी कर, काचेची जाडी तपास, पुन्हा चालव. आणि एके दिवशी पडद्यावर आलं, पन्नास. पोरांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले. पुढे जे झालं त्यामुळे ते मला पचले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

डिझाइन सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. आदल्या रविवारी मॅडम गावी गेल्या. भावाचा कळप सकाळी हायवे ओलांडून पलीकडच्या रानात चरायला गेलता. मधल्या दुभाजकात गावासमोर एक फट होती, तिच्यातून. दुपारी कळप माघारी आला तर फट गायब! ठेकेदाराच्या माणसांनी तेवढ्यात सिमेंटची भिंत घालून टाकलेली. मेंढ्या भिंतीला नाक लावून उभ्या. पुढची फट पार पेट्रोल पंपापाशी. कळपाला तिथपर्यंत जाऊन, वळून, तेवढंच मागे यायला लागणार. मॅडमचा भाऊ भागवत ठेकेदाराच्या सात पिढ्यांची आठवण काढत होता आणि मॅडम रस्त्याच्या मधोमध पुतळ्यासारख्या थिजल्या होत्या. दोन्ही बाजूंनी ट्रक हॉर्न मारताहेत, यांना पत्ता नाही.

मला फोन आला तेव्हा आधी मेंढ्याच ऐकू आल्या. मग त्या.

"ओ सर, पत्र्याला फटी कशा मारल्यात पोरांनी? उभ्या का आडव्या?"

आता हे समजून घ्या. चिप बनवणाऱ्यांचा नियम असतो, की रुंद धातूचा पत्रा सलग ठेवायचा नाही, त्याला लांबट फटी पाडायच्या, नाहीतर तो नीट बसत नाही. पोरांनी त्या काढल्या होत्या. पण फटींसकट सॉल्व्हर चालवला की आमचं मशीन गुडघे टेकायचं, म्हणून हिशेब करताना पत्रा सलग धरला होता. पन्नास आलेला तो सलग पत्र्याचा.

मी तेव्हा लॅबमध्येच होतो. समोर बसलेल्या ज्ञानेश्वर तांदळेला विचारलं. शिरूरकडचा पोरगा, घरी कोरडवाहू शेती, कामाला वाघ. त्याने अभिमानाने सांगितलं, "आडव्या मारल्यात सर. तारेला बरोब्बर आडव्या, समद्या एका रेषेत."

"आडव्या का रे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी विचारलं होतं की भाकरी तोंडाने का खातात. "सर, उताराला आडवंच मारायचं असतंय की. न्हाईतर पानी निघून जातंय."

आता सांगा, हसावं की रडावं? आमच्या इलाख्यात पोरगं चालायला लागतं तेव्हापासून ऐकतं, नांगरट उताराला आडवी, बांध उताराला आडवा, सऱ्या उताराला आडव्या. पाणी अडवा. दुसऱ्या कुठल्या मुलखात पोरांनी ही चूक केली नसती. जगात धातूच्या पत्र्याची पाणलोट विकासाच्या नियमाने नांगरट फक्त आमच्याकडे झाली. आणि मॅडमनी ती तपासून पास केली होती, कारण त्यांच्याही डोळ्यांना ती बरोबरच दिसली, इतकी की फटी कुठल्या बाजूला आहेत हे लक्षातही राहिलं नाही! परत येणारा करंट प्रत्येक फटीपाशी मेंढीसारखा नाक लावून उभा राहणार आणि पेट्रोल पंपाला वळसा घालून येणार.

फोन स्पीकरवर होता. मॅडमनी सगळं ऐकलं. मग असं हसू फुटलं की मी फोन हातभर लांब धरला. "अरे ज्ञान्या, पानी अडवायचं न्हाई बे! पानी माघारी आणायचंय!"

सोमवारी सकाळी त्या आल्या त्या थेट लॅबमध्ये. सगळी तार फटींसकट मशीनला झेपणार नव्हती. मॅडम म्हणाल्या, "पुरा कळप कशाला मोजतो? एकसारख्या मेंढ्या हायेत, एक मोज." म्हणजे एका फटीपुरता तारेचा तुकडा घ्यायचा, पुन्हा पुन्हा तोच येतो म्हणून त्याच्यावरून सगळ्या तारेचा स्वभाव काढायचा. आडव्या फटींचा तुकडा चालवला. आला बहात्तर. पन्नासच्या जागी बहात्तर! ही तार तशीच गेली असती तर चिप मोजताच बाकं आत आली असती.

फटी उभ्या केल्या, करंटच्या वाटेच्या बाजूने. तारेची रुंदी जराशी बदलली. पुन्हा सॉल्व्हर सुरू. आणि दुपारी, अर्ध्या वाटेवर असताना, लाईट गेली.

कॉलेजचा जनरेटर गेल्या गॅदरिंगपासून आजारी. लाईटच्या ऑफिसातून खबर आली, संध्याकाळशिवाय नाही. पोरांचे चेहरे बाकांसारखे झाले. तेवढ्यात शेजारच्या मंगल कार्यालयाकडून धडाम धडाम ऐकू आलं. लाईट नव्हती, तरी डीजे वाजत होता.

मॅडम उठल्या. त्यांच्या मागे आम्ही.

वरात कार्यालयाच्या फाटकापाशी पोचलेली. पुढे ट्रॅक्टरवर भला मोठा जनरेटर, त्याच्यामागे डीजे, त्याच्यामागे नाचणारा सगळा तालुका, आणि शेवटी घोड्यावर नवरदेव. मॅडम ट्रॅक्टरसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "बंद करा!"

डीजेचे चार भोंगे एकीकडे आणि ती एक हाक एकीकडे. भोंगे हरले.

"कावून बंद करू?" डीजेवाला बाळू वरून ओरडला. "सुपारी घेतलीय, बाई. माझं पोट हाय ह्याच्यावर."

"तुझ्या पोटाला काय न्हाई होत. मला घडीभर जनरेटर पाहिजे."

"आन् वरात?"

"वरात पळून चालली का?"

नवऱ्याचे मामा पुढे आले, फेटा सावरत. "कोन हो तुमी? लग्नकार्यात इघ्न आणता? कशाला पाहिजे जनरेटर?"

आता मामांना इम्पीडन्स कसा सांगायचा, या विचारात आम्ही होतो. तेवढ्यात घोड्यावरून मुंडावळ्या बाजूला सारत नवरदेव वाकला. "मॅडम? सॉल्व्हर बंद पडला का?"

तो आमचा तीन वर्षांपूर्वीचा विद्यार्थी निघाला! याच लॅबमध्ये वाघरीच्या वासात शिकलेला. त्याने घोड्यावरूनच पुढचा प्रश्न केला, "मेश किती बारीक केलाय?"

"कडेला बारीक," मॅडम म्हणाल्या.

"मग लागंल येळ," नवरदेव म्हणाला आणि मामांकडे वळला. "मामा, डीजे नंतर. आदी मॅडमचं."

"आरं पण मुहूर्त..."

"मुहूर्त कवा येळेवर लागलाय आपल्यात?"

ट्रॅक्टर वळला, भिंतीवरून वायर टाकली, लॅबचे पंखे फिरले. वरातीतल्या म्हाताऱ्यांनी कुठूनतरी दोन हलग्या काढल्या. डीजेला कधी नाचली नाहीत ती माणसं हलगीला नाचायला लागली. नवरीकडच्या बायका गच्चीवर आल्या. आतमध्ये पडद्यावर आकडा हलत होता, सत्तावन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. बाहेर हलगी तापत होती. खिडकीत बाळू डीजेवाला तोंड घालून उभा. "किती झालं, मॅडम?" तो आत विचारायचा आणि वळून वरातीला ओरडायचा, "एक्कावन्न!" वरात आरोळी ठोकायची. कशाचे एक्कावन्न हे कुणालाही माहीत नव्हतं. आहेराचे समजून मामाही खूश होते.

आकडा पन्नासवर आला आणि हलेना. ज्ञानेश्वरने डिझाइन पाठवलं, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या मोबाईलच्या इंटरनेटवरून. मग मॅडम खिडकीतून ओरडल्या, "लागला रे!" तो मुहूर्ताचा इशारा समजून आत भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली, आणि नवरदेवाला घोड्यावरून उचलून पळवत न्यावं लागलं. संसार सुखाचा चाललाय. मी चौकशी केलीय.

चिप यायला बरेच महिने लागले. आली ती तिळाहून थोडी मोठी. प्राचार्यांनी चष्मा पुसून पुसून बघितली. "हीच का? आन् हिच्यासाठी येवढी खोली?" मोजायची सोय आमच्याकडे नव्हती, ती बेंगळुरूच्या एका लॅबमध्ये. मॅडम स्वतः घेऊन गेल्या. निघताना अर्थातच परतीच्या गाडीची चौकशी करून.

मॅडम जाऊन दोन दिवस झाले. बाकांची एक रांग व्हरांड्यात येऊन दाराला टेकली होती. प्राचार्यांनी टेप खिशातच ठेवला होता. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. ज्ञानेश्वरने तो कानाला लावला नाही, टेबलावर ठेवला. तेवढं पुरलं.

"चिटकल्या! दोनी रेघा एकमेकीला चिटकल्या! सॉल्व्हरची कुठली आन् मोजलेली कुठली, वळखू येईना इथल्या सायबाला!"

प्राचार्य माझ्यामागेच उभे होते. त्यांनी खिशातला टेप काढला, ज्ञानेश्वरच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "बाकांना आता ग्रंथालयात जागा बघतो." ग्रंथपाल त्या दिवसापासून आमच्याशी बोलत नाहीत.

व्हायचं तेच झालं. वळखू न आलेल्या त्या सायबाने मॅडमना तिकडेच बोलावून घेतलं. मोठं काम, मोठी लॅब, कधीही लाईट न जाणारी. आमच्या लॅबची किल्ली आता ज्ञानेश्वर सरांकडे असते. होय, सर. तो आता शिकवतो. दरवर्षी पहिल्या तासाला वाघर पसरतो आणि पोरांना सांगतो, उताराला आडवं कुठे मारायचं आणि कुठे नाही.

मॅडम निघाल्या त्या दिवशी गेवराईच्या स्टँडवर अर्धं कॉलेज होतं. भागवत भाकरीचं गाठोडं घेऊन आलता. बाळू डीजेवाला कशासाठी आलता हे त्यालाही सांगता आलं नाही. मॅडम कधी नव्हे त्या गप्प होत्या. मला भीती वाटली, की या वेळी त्या विचारणार नाहीत. परगावची, कायमची नोकरी; हिच्यात परतीची गाडी कसली?

गाडी लागली. सामान वर गेलं. मॅडमनी एक पाय पायरीवर ठेवला, एक खाली स्टँडवरच. मग कंडक्टरकडे बघून, साऱ्या गेवराईला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय हो भाऊ, माघारी शेवटची गाडी किती वाजता हाय?"

कंडक्टर दचकला. "बाई, आदी जा तरी!"

"जाते की," मॅडम म्हणाल्या. "पण आदी येणारीचं सांगा."

त्याने सांगितलं. तेव्हाच त्यांनी दुसरा पाय उचलला.